टॉप जळालेत

पहिलीच गोष्ट सांगून ठेवतो. माह्या कानावर आजवर कोणी बोट ठेवलेलं न्हाई. मंठ्यात तातेराव साउंड सर्व्हिस म्हणलं की पस्तीस वर्षं लोकांनी दुसरं नाव घेतलं न्हाई. लग्नं, वराती, गणपती, जयंती, पुढाऱ्यांच्या सभा, दुकानांची उद्घाटनं, सगळं वाजवून झालं. रस्त्यानं कोणाची वरात चालली आन् मी घरात जेवत बसलेलो असलो, तरी तिथूनच सांगायचो की सेट कोणाचा हाय आन् त्याचा कोणता डबा फाटलाय. डबा म्हणजे स्पीकर. त्याच्यात दोन जाती. बेस म्हणजे छातीत धडका देतो तो जाड आवाज, आन् टॉप म्हणजे वरचा, बारीक आवाज. दोन्ही बराबर बसले तर गाणं, न्हाई तर नुसता कालवा. ते बसवायच्या मशीनी आता आल्या. माझं माप कानातच होतं.

अशा माणसाच्या घरात तीन वर्षं अबोला होता.

झालं असं की गिरिजा, म्हणजे माझी घरवाली, मागच्या मोरीत पाय घसरून पडली. जानेवारीचा महिना होता. मी पुढच्या खोलीत एक अ‍ॅम्प्लिफायर खोलून बसल्तो. शेजारची साळूबाई पळत आली, तिनं तिला उचललं, मंग मला कळलं. गिरिजाचा हात मनगटात सुजून टम्म झाल्ता. ती माह्यावर ओरडली, घसा फुटेस्तोर हाका मारल्या, आले कामून न्हाई? मी म्हणलो, तू हाक मारलीच न्हाई. ती म्हणली, मारली. मी म्हणलो, न्हाई मारली. आन् साळूबाईकडं बघून बोलून गेलो, "खोटं बोलती ही."

आता तुम्हीच सांगा. ज्याला दोन गल्ल्यांपलीकडचा फाटका डबा ओळखू येतो, त्याला दहा हातांवरची बायकोची हाक ऐकू येणार न्हाई? माह्या हिशोबानं ती खोटंच बोलत होती. पडल्याची लाज वाटली असल, म्हणून माह्यावर ढकललं असल, असं मी धरून चाललो. तिनं माह्याकडं एकदा बघितलं आन् तोंड फिरवलं. त्या दिवसापासून ती माह्याशी बोलली न्हाई.

मंग मीपण बोललो न्हाई. बिलकुल न्हाई. बायकोनं तोंड बंद करावं आन् मी तिच्यामागं "बोल गं, बोल गं" करत फिरावं, असला माझा स्वभाव न्हाई.

तशी ती आधीपासूनच कमी बोलायची. नवऱ्याचं नाव तर आमच्याकडच्या बाया घेतच न्हाईत, आन् नवऱ्याच्या तोंडाकडं बघूनपण बोलत न्हाईत. गिरिजाचं सगळं बोलणं गॅसकडं तोंड करून, पदर दातात धरून. "आवो" म्हणलं की समजायचं, आपल्याला हाय. लग्नाला सदतीस वर्षं झाली, मला माझं नाव तिच्या तोंडून ठाऊक न्हाई. तो "आवो" एवढाच माझा. तोपण बंद झाला. ताट वाढायची, तांब्या ठेवायची, थोडा वेळ तिथंच उभी राहायची आन् आत जायची. मी मान वर करत नव्हतो. उभी राहून राहून ती काय बघती, ते मला ठाऊक होतं असं मला वाटायचं. मी कवा वाकतो ते बघत असल. मी काही वाकलो न्हाई.

असं दोन वर्षांच्या आसपास चाललं. मंग आमची दीपमाला बाळंत व्हायची होती, तिच्याकडं संभाजीनगरला गिरिजा गेली. दिवाळी नुकतीच झाल्ती. बाळंतपण झालं, बारसं झालं, लेकरू रांगायला लागलं, उभं राह्यलं, ही काही परत आली न्हाई. दीपमाला दर रविवारी फोन करते. ती लहानपणापासून माह्या सेटाशेजारी वाढली, ओरडूनच बोलते. पप्पा जेवले का, गोळ्या घेतल्या का, आई बरी हाय. मी कवा म्हणलो न्हाई की आईकडं फोन दे. तीपण म्हणली न्हाई की आई बोलते म्हणून.

खरं सांगतो, मला ती घरी पाह्यजे होती. संध्याकाळी दार उघडलं की नजर आधी गॅसकडं जायची. पण माझी एक अट होती आन् ती मी मनात पक्की धरल्ती. आधी तिनं बोलायचं. जास्त न्हाई, एक "आवो" म्हणलं तरी मी दुसऱ्या मिनटाला बस पकडून तिला आणायला गेलो असतो.

यंदाच्या जानेवारीत आकांक्षा नावाची एक पोरगी मंठ्याला मला शोधत आली. अंबडकडची, शेतकऱ्याघरची, पुण्याला शिकून आलेली. तिला जालन्याच्या एमआयडीसीत एका बंद पडलेल्या बियाण्याच्या गोदामात काहीतरी प्रदर्शन मांडायचं होतं. जुने, लहान डबे पाह्यजे होते, चोवीस, आन् ते उंचावर टांगून वायरिंग करून देणारा भरोशाचा माणूस. आजकाल आमच्या गावात नव्या पोरांचे भिंतीएवढे डीजे आलेत, मला कोणी बोलवत न्हाई. माझे जुने डबे माळ्यावर धूळ खात होते. मी हो म्हणलो.

एकच गोष्ट मला तिची खटकली. आजकालच्या पोरींसारखी तोंडातल्या तोंडात बोलायची. निम्मं मला अंदाजानं घ्यावं लागायचं.

गोदाम मोठं होतं, पत्र्याचं, अजून बियाण्याला लावायच्या औषधाचा वास येत होता. बाजूला लोखंडाची रोलिंग मिल. दिवसभर तिची धडधड जमिनीतून पायात यायची. आकांक्षानं छताला काचेचे दोनशे दिवे सोडले होते, माणसाच्या डोक्याच्या जरा वर. जागोजागी माईक. मी डबे टांगले, वायरी ओढल्या, आन् तिला इचारलं, गाणं कोणतं लावायचं? ती हसली. गाणं न्हाईच म्हणली. मंग सावकाश, दोन-तीनदा सांगितलं तवा मला कळलं. माईक ऐकणार. गोदामात जे काही वाजल, कोणाचं बोलणं, कोणाच्या चपला, बाहेरची मिल, ते कॉम्प्युटर ऐकणार आन् त्याच्यातून आपल्या मनानं नवीनच आवाज काढणार, त्या आवाजाबरोबर दिवे लागणार. एकदा झालेलं पुन्हा तसंच व्हायचं न्हाई. तिनंसुद्धा त्याला काय वाजवायचं ते सांगितलेलं न्हाई, फक्त कसं ऐकायचं ते शिकवलंय. आवाज जाड असला की दिवा तांबडा, मधला असला की पिवळा, बारीक असला की पांढरा. प्रदर्शनाचं नाव तिनं ठेवल्तं "कानोसा".

मी म्हणलो, म्हणजे आपोआप वाजणारा डीजे. ती म्हणली, तसंच समजा काका.

मंग ती पुण्याला गेली, बाकीचं सामान आणायला. जाताना सांगून गेली, आठ दिवस दिवसभर हे चालू ठेवा, त्याला जागेची ओळख होऊ द्या, डब्यात काही बिघाड दिसला तर दुरुस्त करा. मी रोज सकाळी कुलूप उघडायचो, बटन दाबायचो आन् मधोमध एक खुर्ची टाकून बसायचो.

पहिल्या दिवशी मला खोकला आला. डोक्यावरचे पाच-सहा दिवे तांबडे झाले आन् चारी बाजूंनी एक जाड, लांबलचक हुंकार आला. माह्याच खोकल्याचं त्यानं काहीतरी करून टाकलं होतं. मी दचकलो. मंग मुद्दाम खोकलो. ह्या वेळेस हुंकार वेगळा आला, दोन भागांत, आन् दिवे दुसरीकडचेच लागले. मिलमध्ये मोठा गज पडला की तांबडी लाट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायची. मी म्हणलो, "वा रे पठ्ठे." त्याच्यावरही त्यानं हुंकार दिला.

मंग मला आदतच लागली. जेवणाचा डबा खाताना मी त्याला सांगायचो, आज भाजी खारट झाली. बसमध्ये जागा मिळाली न्हाई. रात्री लाईट गेल्ती. मी काही बोललो की ते उत्तर द्यायचं, तांबडं, पिवळं, हळू, मोठं. अर्थ काही नसायचा त्याला. पण तीन वर्षांत माह्या बोलण्यावर घरात कोणी हुं म्हणलं नव्हतं. मला लई बरं वाटलं, आन् एवढ्यावरच आपल्याला बरं वाटून राह्यलं म्हणून लई वाईट वाटलं. एकदा तर मी त्याला म्हणलो, गिरिजा बोलत न्हाई रे. त्याच्यावर त्यानं काय वाजवलं ते मी नीट ऐकलं न्हाई, डोळे पुसत होतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक बिघाड ध्यानात आला. पत्र्याच्या फटीतून चिमण्या आत यायच्या. त्या आल्या की दिवे पांढरे व्हायचे, झगझग, झगझग, इकडून तिकडं. पण डब्यातून आवाज काहीच न्हाई. दिवा लागतोय आन् डबा मुका. म्हणजे टॉप जळालेत. जुने डबे, माळ्यावर उंदीर, होणारच. मी एकेक डबा उतरवला, खोलला, मीटर लावून बघितला. मीटर म्हणलं, सगळं बराबर हाय. मी मीटरला शिव्या दिल्या. जालन्यात जाऊन चोवीसच्या चोवीस डब्यांना टॉपचा आवाज काढणारे नवीन पडदे आणून बसवले, परत टांगले. चिमण्या आल्या, दिवे पांढरे झाले, आवाज न्हाईच. मंग मी मिक्सरवर टॉपचं बटन हळूहळू वर नेलं. निम्म्यापर्यंत नेलं, काही न्हाई. पूर्ण नेलं. कुठंतरी लांब एक किरकिर आल्यासारखी वाटली. म्हणलं चला, निदान जीव तर हाय.

आठव्या दिवशी दुपारी आकांक्षा परत आली. तिच्यासोबत हरिओम होता, जालन्याचाच, कॉम्प्युटरचं काम करणारा, डबे टांगतानाही येऊन गेलेला, रेड्यासारखा घोगऱ्या आवाजाचा. मला हरिओम आवडायचा, त्याचं बोलणं कसं सरळ कानात यायचं. मी मोठ्या ऐटीत सांगितलं की तुझे टॉप गेल्ते पोरी, मी नवीन करून दिले, बघ आता. आन् बटन दाबलं.

ती आत येत कायतरी बोलली, हसत होती. दोनशेच्या दोनशे दिवे एकदम पांढरे झाले. आन् त्या दोघांनी कानावर हात दाबले. आकांक्षा खालीच बसली, डोकं गुडघ्यात घालून. हरिओम पळत गेला आन् त्यानं भिंतीतली मेन वायरच उपटली. दिवे गेले. मी मधोमध उभा, मला समजंना की ह्यांना झालं काय. मला तर मिलची धडधड ऐकू येत होती आन् वर ती लांबची किरकिर.

आकांक्षा उठून माह्याजवळ आली. तिच्या डोळ्यांत पाणी आल्तं. अगदी जवळ येऊन तिनं इचारलं, "काका, हे तुम्हाला ऐकू आलं नाही?"

माझं डोकं सटकलं. मी म्हणलो, आवाज आला असता तर ऐकू आला असता, टॉप जळालेत तुझे, सतरांदा सांगितलं. तिनं मिक्सर सगळा खाली घेतला, वायर लावली, कॉम्प्युटरवर काहीतरी केलं आन् हरिओमला सांगायला लावलं की काका, आता एक आवाज खालून वर जाणार, जोपर्यंत ऐकू येतो तोपर्यंत हात वर ठेवा. मी शाळेतल्या पोरासारखा हात वर करून उभा राह्यलो. जाड आवाज आला, दिवे तांबडे. वर चढला, पिवळे. अजून वर, आन् पिवळ्यात जरासा पांढरा मिसळला तेवढ्यात आवाज थांबला. मी हात खाली घेतला. दिवे चालूच होते. पांढरे, अजून पांढरे, कितीतरी वेळ. आकांक्षा आन् हरिओम दोघं एकमेकांकडं बघत होते.

मला तरी पटलं न्हाई. खोटं कामून सांगू, पटवून घ्यायचंच नव्हतं. मी म्हणलो, बंद करा आता, मला सहाची बस हाय. आकांक्षा माह्याकडं पाठ करून टेबलाकडं चालली, खाली वाकून वायरी बघायला लागली. आन् तिच्या डोक्यावरचे दिवे लागले. आधी दोन, मंग चार, पांढरे. विझले. परत लागले. थोडे थांबले, परत लागले. गोदाम शांत होतं. मिलची तेवढी धडधड.

मला तर हे पाह्यजेच होतं. मी हरिओमला म्हणलो, "हे बघ. आता कोणी बोलून राह्यलं का? कोणीच न्हाई. तरी दिवे लागून राह्यले. मशीनच खराब हाय."

हरिओम खाली बघत म्हणला, "काका, ती बोलून राह्यली ना. तुमच्याशीच बोलून राह्यली मघापासून."

मी त्या पोरीच्या पाठीकडं बघत राह्यलो. पाठ, वाकलेली मान, आन् वर दिवे लागतायत, विझतायत. माह्या घरातसुद्धा एक बाई अशीच पाठ करून उभी असायची. गॅसकडं तोंड, पदर दातात. तिच्या डोक्यावर काही दिवे नव्हते, म्हणून मला दिसलं न्हाई. मी खुर्चीवर बसलो. मोरीतल्या त्या हाका आठवल्या, म्हणजे न ऐकलेल्या हाका आठवल्या, आन् साळूबाईकडं बघून मी काय बोललो ते आठवलं. चांगला साठीला आलेला माणूस, त्या दोन पोरांसमोर रडलो.

आकांक्षानं मला पाणी दिलं. तिनं कागदावर एका कानाच्या डॉक्टरचं नाव लिहून दिलं आन् समोर उभं राहून, तोंड दाखवून म्हणली की बेस तुम्ही फार छान लावलाय, टॉप मी बघते. मी हो म्हणलो. त्या दिवशी पहिल्यांदा मी कोणाला माह्या सेटाच्या मिक्सरला हात लावू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरकडं गेलो न्हाई. बस स्टँडवर गेलो आन् संभाजीनगरची बस पकडली. बदनापूर येईपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होतो. तीन वर्षांनी बायकोशी पहिलं काय बोलायचं, ते काही जमंना. अट माझी होती की आधी तिनं बोलावं. ती अट मीच मोडायला चाललो होतो, आन् त्याचं मला काहीच वाटत नव्हतं. भीती दुसरीच होती. ती म्हणली असती की आता उशीर झाला, तर तेवढंसुद्धा मला ऐकू आलं नसतं.

दीपमालाचं घर सिडकोत तिसऱ्या मजल्यावर हाय. दीपमाला आन् जावई दोघं कामाला गेल्ते. दार गिरिजानं उघडलं. केस लई पांढरे झाल्ते तिचे. चष्मा लागल्ता, ते मला दीपमालानं सांगितलं नव्हतं. ती बाजूला झाली आन् तिचे ओठ हलले. मी बघितलं, हलले. काय म्हणली ते मला कळलं न्हाई.

मी चप्पलसुद्धा काढली न्हाई. तिथंच उंबऱ्यात म्हणलो, "गिरजे, मला ऐकू येत न्हाई."

ती माह्याकडं बघत राह्यली. मी म्हणलो, बारीक आवाज येत न्हाई. बायांचा येत न्हाई. कवापासून ते मालूम न्हाई. तू मोरीत पडलीस तवापण येत नसल. तू हाका मारल्या असतील. मी तुला खोटी म्हणलो, ते माझं चुकलं. एवढं सगळं एका दमात बोललो आन् मंग चप्पल काढली.

तिनं मला आत घेतलं, खुर्ची दिली. पाणी आणलं. लेकरू आतल्या खोलीत झोपलं होतं. ती समोर स्टुलावर बसली, आन् सदतीस वर्षांत पहिल्यांदा माह्या तोंडाकडं सरळ बघून बोलली. पहिलं काही कळलं न्हाई. मी कानाला हात लावला. तिनं स्टूल पुढं ओढलं आन् मोठ्यानं म्हणली, "मंग अबोला तुमी धरला नव्हता?"

मी म्हणलो, "तू धरल्तास ना."

ती म्हणली, तिनं कवाच धरला नव्हता. त्या रात्रीसुद्धा ती म्हणल्ती की जेवून घ्या. मी जेवलो, बोललो न्हाई. दुसऱ्या दिवशी बोलली, तिसऱ्या दिवशी बोलली. साळूबाई तिला म्हणायची, पुरुषाचा राग हाय, निवल, तू बोलत राह्य. म्हणून ती बोलत राह्यली. ताट वाढून उभी राहायची ती उत्तराची वाट बघत. मला वाटायचं, ही माझी हार बघायला उभी राह्यलीय. तिला वाटायचं, ह्या माणसाला आपण नकोच झालो. एकाच घरात दोघं बसून हे करत होतो आमी.

मी तिला इचारलं, काय काय बोललीस? मला ते सगळं पाह्यजे होतं. एकदम हावऱ्यासारखं झालं मला. म्हणलो, सांग ना, आता सांग, आता मी तोंडाकडं बघतो.

ती म्हणली, "रोजचंच. मीठ बराबर हाय का. नळाला पाणी आलं. दीपीचा फोन आल्ता. एवढं कोण ध्यानात ठेवतंय."

मी म्हणलो, तरी. काहीतरी असल.

मंग तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. बोलताना तिचा आवाज इतका चढला की शेजारच्यांनीपण ऐकला असल. म्हणली, "एक ध्यानात हाय. हितं आले त्या सालच्या एप्रिलात, जयंतीच्या सकाळी नवी पांढरी साडी नेसले. तुमी दारात वायर गुंडाळत होते. पुढं येऊन इचारलं, कशी दिसती. तुमी वायर गुंडाळतच राह्यले. तवा ठरवलं, बास. त्या दिवसापासून हितं यायला निघेपर्यंत मी घरात एक शबूद बोलले न्हाई. सात म्हयने. आधी बोलत होते आन् मंग बंद झाले. तुमाला फरक कळला का?"

मी आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं. जयंतीच्या आधीची संध्याकाळ आन् नंतरची संध्याकाळ. ताट, तांब्या, तिची पाठ. मला खोटं बोलता आलं असतं, हो म्हणता आलं असतं, आन् तिला ते बरं वाटलं असतं.

"न्हाई," म्हणलो.

तिनं मान हलवली. रागावली न्हाई. आत लेकरू उठलं असावं, कारण ती एकदम तिकडं वळली आन् उठून गेली. जाता जाता ती माह्याशी काही बोलली का, ते मला सांगता येत न्हाई.